हितसंबंध नसलेल्याचा अभिप्राय

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दूरसंचार नियामकाने देशातल्या मोबाइल बाजारपेठेची स्थिती आणि भवितव्य यांवर नागरिकांचे अभिप्राय मागवले आहेत. मुदत महिनाअखेरपर्यंत. म्हापशाच्या महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवत आलेल्या माणसाला या विषयात बोलण्याचा अधिकार पोचतो का, याचा सकाळी विचार केला. निष्कर्ष होकारार्थी निघाला. या विषयावरच्या लेखनात आकडे पुष्कळ असतात. अनुमान क्वचित आढळते.

पहिला मुद्दा आजच मांडला. 'ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य आहे' हे सर्वत्र गृहीत धरलेले असते. खाजगी कंपन्या तीन, सरकारी एक. पैकी दोघींनी बहुतेक देश वाटून घेतला आहे, तिसरी कर्जाखाली वाकली आहे, आणि चौथी सुधारते आहे असे ऐकतो. गोव्याच्या सीमेवरच्या इब्रामपुरात आमच्या दिवाणखान्यात यांपैकी एकीचाही आवाज पोचत नाही. कंपनी बदलायची तर आधी एक संदेश पाठवावा लागतो, आणि तो जाण्यासाठी जी सोडायची तिचेच नेटवर्क लागते. म्हणजे ज्याला सेवा नीट मिळते त्यालाच ती सोडता येते.

मसुदा संगणकावर उतरवण्याचे काम विनिता, माझी सून, करते. पुण्यातल्या एका विमा कंपनीसाठी ती घरी बसून दाव्यांची छाननी करते. घरी म्हणजे जुन्या गोठ्यात; गुरे विकल्यापासून तो रिकामाच आहे. तिला तिथली मोकळी हवा मानवत असावी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

विनिताने आज मसुद्यातले दोन परिच्छेद गाळले. निदर्शनास आणल्यावर मुकाट्याने घातले. डोळे लाल होते. गोठ्यातल्या धुळीने असेल.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळी मीटिंग चालू आसतना पदेराचो भोंगो पुण्यापर्यंत आयकूंक गेलो. मॅनेजर विचारता, तुम्ही रस्त्यावर बसता काय?"

पाववाल्याचा भोंगा रस्त्यावरच वाजतो हे खरे. पण त्यावरून ऐकणारा रस्त्यावर आहे असे ठरत नाही. हे मी तिला समजावून सांगितले. ती हसली नाही.

रात्रीच्या जेवणाला गौरेशने खुलासा केला. हा आमचा मुलगा, तुये येथील कारखान्यात पाळीवर असतो. विनिताच्या कंपनीने तिला एक डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे. तोपर्यंत अखंड चालणारी जोडणी हवी, नाहीतर नोकरी गेली. गोठ्याच्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, जे काही येते ते सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या टॉवरचे उष्टे आहे. पोटापुरते कधी येते, कधी नाही. म्हापशाला भाड्याचा फ्लॅट पाहून ठेवला आहे. ती दोघे आणि आमची नात गौरवी, तिघेही जातील.

"तुमचां काय म्हणणां?" गौरेशने विचारले.

मी म्हणालो की निर्णय त्यांचा आहे. हे विधान सत्य आहे आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही. माझी पत्नी पद्मावती ताटावरून उठली. तिचे पोट बिघडले असावे.

९ नोव्हेंबर, रविवार

ग्रामसभा. विषय एकच: मोबाइल टॉवर. तारेच्या इंटरनेटवरही चर्चा झाली. तार पंचायतीपर्यंत आली आहे, तिथून पुढे रस्ता रुंद करणारे यंत्र ती उखडते, मग जोडणारे येतात, मग यंत्र. उपग्रहाचे इंटरनेट येणार, असे दोन वर्षे ऐकतो. तेव्हा टॉवरच.

टॉवर कंपनीचा माणूस आला होता: अजय, बेळगावकडचा, जागा शोधणे हाच त्याचा व्यवसाय. त्याने यंत्र लावून गाव पालथा घातला आहे. सगळ्या घरांना पोचेल अशा जागा दोनच निघाल्या. एक देवळामागे टेकडीच्या पायथ्याशी, देवस्थानची. दुसरी आमच्या घराच्या वरचा आमचाच काजूचा उतार.

मागच्या रांगेतून कोणी म्हणाले की टॉवरने काजूचा मोहोर जळतो. मी पुरावा विचारला. तो म्हणाला, "पुरावो कसलो सर, औंदा मोहोर खंय आसा?" मी म्हणालो, औंदा टॉवरही नाही. सभा हसली, आणि आक्षेपक अधिकच ठाम झाला.

शेवटी अजय माझ्याजवळ आला. "सर, तुमचं रान द्या की. कागद झाले की लगेच काम धरतो बघा. देवळाचं काम म्हणजे चार माणसं विचारायची, आठ माणसं रुसायची."

मी नकार दिला आणि कारणही सांगितले. मी राष्ट्रीय बाजारपेठेवर अभिप्राय लिहीत आहे. त्याच्या पहिल्या पानावर 'लेखकाचा या विषयात कोणताही हितसंबंध नाही' असे वाक्य आहे. टॉवरचे भाडे घेणारा माणूस ते वाक्य लिहू शकत नाही.

"भाडं देवळाला द्या मग," अजय म्हणाला.

तरी दातृत्वाची कीर्ती मला मिळते. तीही प्राप्तीच आहे. अजयने डोके खाजवले. युक्तिवाद त्याला नवीन असावा.

देवस्थानची जागा म्हणजे देवीला विचारल्याशिवाय नाही. तेवीस तारखेला कौल लावण्याचे ठरले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परिमंडळांचा मुद्दा लिहिला. दूरसंचाराच्या नकाशावर गोवा स्वतंत्र नाही. तो महाराष्ट्राच्या परिमंडळात मोडतो. सदुसष्ट साली जनमत कौल झाला, गोव्याने विलीनीकरण नाकारले. आमच्या पेडणे तालुक्याने मात्र बाजूने मते दिली होती. माझे वडील त्यांत होते. दूरसंचारवाल्यांनी कोणालाही न विचारता ते करून टाकले, आणि त्यातही सीमेवरच्या गावाच्या वाट्याला अलीकडचे नाही, पलीकडचे पुरे नाही, अशीच अवस्था आली. परिमंडळाची सरासरी काढली की पुण्याच्या वेगात इब्रामपूर बुडून जाते. सरासरीचे हे रूप फसवे आहे. सहाव्या पिढीच्या तंत्रज्ञानाची भाषा चालू असताना आमच्याकडे चौथी पिढी जेवणवेळेच्या पाहुण्यासारखी येते आणि हात धुऊन जाते.

विनिता लिहून घेत होती. मध्येच थांबून म्हणाली, "बाबा, गौरवीच्या शाळेचो दाखलो काढूंक उद्या जांवचां लागतलां. उरलेलां रविवारी घालूं?"

मी म्हणालो की रविवारी कौलाची तयारी आहे, तेव्हा शनिवार बरा. ती 'बरां' म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

देवळाचा पुजारी बाबली सकाळी आला. देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात, आणि उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पद्धत जुनी आहे. मी तिच्याविषयी मत देत नाही; उत्तर कोठून येते हा वेगळा प्रश्न आहे. प्रश्न मात्र माणूस विचारतो, आणि तो नीट विचारणे हे माणसाचे काम आहे. देवस्थान समितीने म्हणूनच मला बोलावले.

"सोपां विचारूया, सर," बाबली कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसत म्हणाला. "टॉवर जांव काय नको. देवी पडी टाकतली. झालां."

मी त्याला दोष दाखवले. 'टॉवर' म्हणजे कुठला? कुठे? देवराईतले झाड पडले तर? भाडे कोणाला? कुंपणाच्या आत कोणी शिरावे? इतके सगळे मोघम ठेवून मिळालेल्या होकाराला काय अर्थ? उद्या कंपनीने आणखी दोन खांब घातले तर तोच होकार ती पुढे करील.

"देवीक येवढां सांगूंक लागता?"

"तिला लागत नसेल. कंपनीला लागेल."

बाबलीने मान डोलावली, पण चहा अर्धा ठेवला. मी गाऱ्हाणे लिहून दिले. पाच अटी, एकमेकींत बसलेल्या, एकही शब्द अधिक नाही. इतके नेटके वाक्य मी पुष्कळ दिवसांत लिहिले नव्हते.

२३ नोव्हेंबर, रविवार

कौल झाला.

बाबलीने गाऱ्हाणे वाचले. टॉवर टेकडीच्या पायथ्याशी असावा, आणि देवराईच्या एकाही झाडाला धक्का लागू नये, आणि भाडे देवस्थानला यावे, आणि कुंपणाची किल्ली समितीकडे राहावी, आणि दुसरा खांब पुन्हा विचारल्याशिवाय उभा राहू नये, असे सगळे होणार असेल तर, आई, उजवी दे. वाचताना तो दोनदा अडखळला. विनिता मागच्या खांबाला टेकून उभी होती, हात जोडून, डोळे मिटून. ती देवळात फारशी जात नाही.

डावी पडली.

मग सगळेच बोलू लागले. 'देवीन ना म्हटलां.' 'टॉवर नको.' ज्याने मोहोराचा मुद्दा काढला होता तो माझ्याकडे पाहून शांतपणे घरी निघाला.

मी समितीला थांबवले. पाच गोष्टींचा एकत्र नकार म्हणजे पाचही गोष्टींचा नकार नव्हे. पाचांपैकी एखादीही देवीला मान्य नसेल तरी उत्तर हेच येईल. कदाचित तिला टॉवर चालत असेल आणि किल्ली समितीकडे नको असेल. म्हणून एकेक अट वेगळी करून पुन्हा विचारणे हेच शुद्ध.

"सर," बाबली म्हणाला, "कौल एकदां लागलो. तोच प्रश्न परत घालूंक आता शिगमो पार पडूंक जाय."

"तोच प्रश्न नाही. पाच निराळे प्रश्न आहेत."

"देवीक तां सांगतलो कोण?" तो हसत म्हणाला. मग हसू आवरून हळूच म्हणाला, "म्हणानच म्हणी होतों मियां, सोपां विचारूया."

शिगमा फाल्गुनात. विनिताची मुदत एक डिसेंबर.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर माझ्या मांडणीत दोष शोधला. मांडणीत दोष नाही. परिणामात आहे. या दोन वाक्यांत विसंगती नाही, पण त्याने समाधानही होत नाही.

अजय निरोप घेऊन आला. कंपनी त्याला या आठवड्याअखेर डिचोली तालुक्यात पाठवते आहे. "तिकडे लोक जागा घेऊन मागं लागलेत, सर. इथं तुम्ही शहाणी माणसं. शहाण्या माणसांकडं टॉवर लवकर होत नाही." हे त्याने मुळीच रागाने म्हटले नाही. काजूच्या उताराकडे एकदा पाहिले, मग माझ्याकडे, आणि मोटारसायकलला किक मारली.

गोठ्यातून विनिताचा आवाज येत होता. "हॅलो? ऐकू येतंय? माझं ऐकू येतंय का?" तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा. त्याला उत्तर येत नव्हते.

आज मसुदा पुढे सरकला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विनिताने खोके आणले आहेत. गौरवीची पुस्तके एकात, तिच्या थंडीच्या कपड्यांचे दुसरे. गौरवी आठ वर्षांची आहे. खोक्यात स्वतः बसून पाहत होती.

दुपारी जेवताना पद्मावतीने विषय काढला. पन्नास वर्षांत तिने जमिनीचा विषय काढला नव्हता.

"काजूची जमीन अर्धी माझी," ती म्हणाली. "गोंयच्या कायद्यान लग्नाच्या दिसापासून अर्धी माझी. माझ्या अर्ध्यात टॉवर घाला."

मी तिला सांगितले की कायदा तिला समजला आहे, पण अर्धाच. संपत्ती दोघांची सामाईक असते, अविभक्त असते. अमुक वाफा तुझा, तमुक माझा असे बोट ठेवून दाखवता येत नाही. तेव्हा 'माझ्या अर्ध्यात' या शब्दांना अर्थ नाही. शिवाय दोघांच्या सह्यांशिवाय भाडेपट्टाच होत नाही.

"बरां," ती म्हणाली. "माझ्या जाग्यार बोट ठेवूंक जमना, मगे तुमच्याय जमना. तुमी ज्या जाग्याक ना म्हणतात ती माझी न्हंय, हें तुमका कशां कळलां?"

मी घास थांबवला. युक्तिवाद निर्दोष होता. निर्दोष युक्तिवाद घरात ऐकण्याची सवय नसल्याने थोडा वेळ गेला. मग मी मूळ आक्षेपाकडे वळलो. प्रश्न मालकीचा नसून निःपक्षतेचा आहे. मी राष्ट्रीय प्रश्नावर मत देत आहे. माझा त्यात हितसंबंध असता कामा नये.

पद्मावतीने वरणाची कुलेर भांड्यात ठेवली.

"सून घर सोडून चल्ली. नात चल्ली. पोर रोज तुयां ते म्हापसां करतलो. आनी तुमचो हितसंबंध नाय?" तिचा आवाज चढला नाही. "मगे कोणाचो आसा तो? अजयाचो?"

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मी जेवण संपवायचे ठरवले. भात गार झाला होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पद्मावतीला घेऊन म्हापशाला गेलो. अजय अजून कंपनीच्या तिथल्या कार्यालयातच होता, खुर्च्या आवरल्या जात होत्या. मी म्हणालो, जागा घ्या. त्याने कारण विचारले नाही, चहा मागवला. दुपारी नोंदणीपूर्व करार झाला. पहिली सही पद्मावतीने केली. मी ओळ मोजून तिच्याखाली केली.

भाड्याविषयी पद्मावती म्हणाली, "तां माका कळता. तुमी तुमचां राष्ट्राचां बघा."

परवाने, पाया, खांब, वीज, सगळे मिळून चार महिने, असे अजय सांगतो. चारचे सहा होणार, हे मी अनुभवाने धरून चालतो. विनिताची मुदत मात्र सोमवारची आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अभिप्राय उद्या जायला हवा. संध्याकाळी विनिताला बसवले आणि पहिल्या पानावर दुरुस्ती सांगितली. खोक्यांमुळे टेबलावर जागा नव्हती. तिने मांडीवर संगणक घेतला.

"'लेखकाचा या विषयात कोणताही हितसंबंध नाही' हे काढ."

तिने काढले.

"त्या जागी लिही. 'लेखकाचा या विषयात हितसंबंध आहे. टॉवर त्याच्या व त्याच्या पत्नीच्या जमिनीवर होत आहे.' पूर्णविराम. 'हितसंबंधाचे दुसरे व मुख्य कारण: जोडणी न मिळाल्यास त्याची सून, मुलगा व नात गाव सोडतील. लेखकाला ते नको आहे.' पूर्णविराम."

बोटे थांबली. मला वाटले, पुन्हा एखादे वाक्य गाळते आहे.

"बाबा, हें असांच घालूं?"

"असंच घाल."

"ते दिल्लीत वाचतले."

"वाचावे म्हणूनच लिहितो आहे."

तिने टंकले. एकही चूक नव्हती. मग तिने संगणक मिटला. "तुमी माका कधी म्हणाक नाय," ती म्हणाली, "की जावं नको म्हणान."

मी सांगितले की निर्णय तिचा होता, आणि अजूनही आहे. ते विधान पूर्वीइतकेच सत्य आहे. फक्त ते पूर्ण नव्हते.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी विनिता आणि मी पंचायतीजवळच्या रस्त्याच्या मोरीवर गेलो. तिथे जरा नेटवर्क सापडते. अभिप्राय गेला. पोहोच आली नाही. येईल असे मी धरत नाही. बाजारपेठेच्या भवितव्याविषयी माझा निष्कर्ष अखेरच्या पानावर आहे: दोन कंपन्या आणि उरलेला देश, यांत ज्याला सोडून जाता येते तोच ग्राहक, बाकीचे फक्त राहणारे. हे वाक्य मी कापणार होतो, अधिक भावनिक वाटल्याने. विनिताने कापू दिले नाही.

मोरीच्या कठड्यावर बसून तिने म्हापशाच्या फ्लॅटवाल्याला फोन लावला. दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला. फ्लॅट नको म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"टॉवर होईसर, चार-सहा म्हयने, मी बहिणीकडे म्हापशां रावतंय, बाबा. काम थंयसून करीन. गौरेश आनी गौरवी हयच. दाखलो मी म्हापशाच्या शाळेक दिलोच नाय. सोमवारी सकाळी जातंय, शनवारी सकाळी येतंय."

मी विचार केला. तिच्या मांडणीत एकच दोष होता. म्हापशाहून इब्रामपूरला शुक्रवारी संध्याकाळीही बस सुटते, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले.